प्योसाठी राखलेला चेंडू

बुसानला बेसबॉलचा अंतिम सामना. आमची आघाडी एका धावेची, त्यांचा शेवटचा गडी बाद व्हायचा होता आणि बॅट घेऊन उभा होता प्यो. त्या आठवड्यात त्याने आमच्या एकाही पिचरला सोडलं नव्हतं. म्हणून चेंडू टाकायला म्हाताऱ्या दुसिकदादाला आत आणलं. सरावाचे चेंडू टाकून झाल्यावर त्याने मला, म्हणजे कॅचरला, जवळ बोलावलं आणि ग्लोव्हने तोंड झाकून म्हणाला, "तू नुसत्या खुणा करत राहा. मी नको म्हणत राहतो."

कोणता चेंडू टाकायचा त्याच्या खुणा मी करत राहिलो, तो नको म्हणून मान हलवत राहिला. प्यो वैतागला. पहिल्या बेसवरचा त्यांचा गडी कंटाळून बेस सोडून जरा जास्तच पुढे सरकला. दादा गर्रकन वळला आणि त्याने कमरेपासूनच चेंडू तिकडे फेकला. गडी बेसवर परतायच्या आत चेंडू पोचला. गडी बाद. प्योला एकही चेंडू न टाकता आम्ही जिंकलो.

पोरांनी दादाला उचलून घेतलं. अख्खं स्टेडियम त्याच्या नावाने गात होतं आणि तो डावा हात हलवत होता.

मी म्हणालो, "दादा, चेंडू टाकायचा उजवा दाखव की. लोक त्याचंच गाणं गातायत."

"सरावाच्या शेवटच्या चेंडूलाच खांदा गेला रे. उजवा वर जात असता, तर प्योला टाकला नसता का?"