हिरवा दिवा

नव्या तापाचा विषाणू सांडपाण्यात तपासणी यंत्राला सापडला, की सार्वजनिक शौचालयावरचा दिवा लाल होई आणि तासाभरात त्या वस्तीत लस पोचे. शहरभर दिवे लाल झाले होते. खदानवस्तीचा मात्र चार दिवस हिरवाच होता.

"तुमची वस्ती वाचली, द्वारकाबाई. इथली लस दुसरीकडे पाठवतो," डॉक्टर पेडणेकर म्हणाले.

सफाई मुकादम द्वारकाबाईंनी शौचालयाचा नळ पूर्ण सोडून दाखवला. थेंब पडला नाही.

"चार दिवस झाले पाण्याचा पाइप फुटून. माणसं नाल्याकाठी जातायत. यंत्राच्या पोटात काही गेलंच नाही, तर ते बोलणार काय?"

डॉक्टर ओशाळले. "पण दिवा लाल झाल्याशिवाय मला लस देता येत नाही."

"मग उद्या सकाळी करून देते लाल. गाडी हलवू नका."

पालिकेतल्या साहेबांच्या सहीची वाट न बघता त्यांनी संध्याकाळपर्यंत पाइप जोडून घेतला, संडास धुऊन काढले, साबण ठेवला आणि त्या घरोघर सांगून आल्या.

सकाळी शौचालयापुढे रांग लागली. नऊ वाजता दिवा लाल झाला.

द्वारकाबाईंनी आधी नळ सोडून पाहिला, मग लसीच्या गाडीला हात केला.