बोलणारी वेबसाइट

"हरलात तर नळाला पाणी येईल त्या सकाळी भाजीगाडीच्या भोंग्यावरून गाढवासारखं रेकायचं. आख्ख्या गल्लीसमोर. मंजूर?" पुंजारामनं विचारलं.

"मंजूर!" त्रिंबकनं त्याच्या हातावर टाळी दिली. "आन् जिंकलो तर तू रेकायचं. तुला तर सरावबी लागणार नाय."

पुंडलिकनगरातल्या त्या ओट्यावर हशा पिकला. पैज लागली होती पुंजारामच्या पोरीच्या, तनुजाच्या वेबसाइटवर. तनुजा लोकांच्या वेबसाइटी बनवायची. आता तिनं आईच्या येसराची, म्हणजे आमटीच्या घरगुती मसाल्याची बनवली होती. फोटो झकास. आमटीची वाफ हलताना दिसायची. पण खरी गंमत खाली कोपऱ्यात होती. तिथं एक गोल होता. त्याला बोट लावलं की मशीन गप्पा मारायचं. त्रिंबकनं त्या मशीनला प्रश्न विचारून अडकवायचं, अशी पैज.

"आता नुसती देखणी वेबसाइट चालत नाय, काका," तनुजा म्हणाली. "ती बोलली पायजे. गिऱ्हाईकाच्या भाषेत."

"माझ्या भाषेत बोलंल?" त्रिंबक म्हणाला. "दोन प्रश्नांत बोबडी वळवतो तिची."

"बोला की मग," पुंजाराम म्हणाला. "तसंबी घरात तुमच्याशी बोलतंय कोण?"

त्रिंबक हसला, पण हसू अर्ध्यातच राहिलं. गल्लीला सगळं ठाऊक होतं. महिन्यापूर्वी त्यानं आवाज बदलून बायकोला, सुगंधाबाईला फोन केला होता. टीव्हीवाले पैठणी घेऊन येतायत म्हणाला. ती ठेवणीतलं लुगडं नेसली. गल्लीतल्या बाया जमवल्या. औक्षणाचं ताट घेऊन दारात उभी राहिली. रिक्षातून उतरला त्रिंबक, हातात कोथिंबिरीची जुडी. बाया हसून हसून लोळल्या. सुगंधाबाई हसली नाही. त्या दिवसापासून अबोला. ताट आदळायची, चहा सरकवायची, पण शब्द नाही. दिवसभर पुंजारामच्या घरी वरच्या मजल्यावर येसर भाजायला जायची आणि अंधार पडता परत यायची. त्रिंबकनं माफी मागून पाहिली, जिलबी आणून पाहिली. भिंतीशी बोलल्यासारखं. रोज उठून पहिलं तो तिच्या तोंडाकडंच बघायचा.

त्यानं मोबाइल काढला. सगळे मागून वाकले. तो मोबाइलात बोलायचा, अक्षरं आपोआप उमटायची.

"तुमचं येसर म्हशीला चालतं का?"

उत्तर आलं. "म्हशीला विचारा. ती तुमच्यासारखं दिसंल ते खात नाय."

ओटा खदखदला. त्रिंबकच्या भुवया वर गेल्या.

"येसर खाऊन जावई पळाला तर?"

"पळणारा जावई उपाशीबी पळतो. निदान पोट भरून पळंल."

"च्यायला!" त्रिंबक म्हणाला. "पोरी, हे शिकलं कुठं?"

तनुजा नखं बघत राहिली. "शिकतं ते. आपोआप."

त्रिंबकला आता पैजेपेक्षा मशीनचंच कौतुक वाटायला लागलं. आत नेमकं काय असंल? त्यानं विचारलं, "तुला झोप येती का?"

"शेजारी कोणी घोरत नसलं तर येती."

"मला वळखतं का?"

"दुसऱ्याची चेष्टा करून सोताच हसणारं गिऱ्हाईक. लांबून वळखू येतं."

पुंजाराम मांडीवर थापा मारत होता. "रेका, त्रिंबकराव, रेका! गाडीवाल्याला सांगून ठेवतो."

"थांब रे. एकच राह्यलंय." त्रिंबकनं डोकं खाजवलं. मग सगळ्यात सोपं तेच विचारलं. "माझं नाव त्रिंबक. लिहून दाखव."

पडद्यावर तीन टिंबं नाचायला लागली. थांबली. परत नाचली.

"येसर पावशेर देऊ का अर्धा किलो?"

"येसर राहू दे. नाव लिही."

टिंबं. लई वेळ टिंबं.

"तेवढं सोडून कायबी विचारा."

"अडकलं! अडकलं!" ओट्यावरची सगळी ओरडली. पुंजारामचं तोंड उतरलं. एवढं हुशार मशीन आणि तीन अक्षरांवर ठेचकाळलं? सगळ्यांना नवल वाटलं. तनुजा तर घाईघाईनं मोबाइल मागायला लागली.

त्रिंबक पडद्याकडं बघत राहिला. त्यानं परत एकदा सगळं वरपासून वाचलं. मग मोबाइल खिशात घातला आणि म्हणाला, "मी हरलो."

"अवो, पण..."

"हरलो म्हणलं ना. भोंगा सांग."

पाणी आलं त्या सकाळी आख्खी गल्ली बादल्या, हंडे, पाइप घेऊन बाहेर होती. त्रिंबक भाजीच्या गाडीवर चढला, माइक धरला आणि रेकला. असा रेकला की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. बाया हंडे टाकून हसायला लागल्या. पोरं व्हिडिओ काढत होती. त्रिंबक आणखी जोरात रेकला.

"अहो, पुरं करा आता!" वरून आवाज आला. "पाणी चाललंय! टाकी कोण भरणार?"

पुंजारामच्या गॅलरीत सुगंधाबाई उभी होती. एका हातात तनुजाचा टॅब, दुसऱ्या हातानं पदर तोंडाला लावलेला. हसू काही लपत नव्हतं.

आख्खी गल्ली माना वर करून बघायला लागली. तनुजा गाडीपाशी सरकली. "काका, मशीन तर अडकलं होतं. जिंकला होतात तुम्ही. मग हरलो का म्हणालात?"

त्रिंबक खाली वाकून तिच्या कानात कुजबुजला. माइक चालूच आहे, हे त्याच्या ध्यानात नव्हतं. भोंग्यातून गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं:

"पोरी, खरं मशीन माझं नाव घडाघडा लिहितं. नवऱ्याचं नाव घ्यायला लाजणारं मशीन आख्ख्या पुंडलिकनगरात एकच हाय. महिन्यानं बोलाय लागलं होतं ते, जिंकून परत गप करू व्हय?"