चार कोऱ्या फळ्या

"अहो, चार फळ्या राहिल्या तुमच्या!" पिरोश्काबाई कुंपणापलीकडे ओरडल्या.

शेजारचे गेदेओन डांबरतेलाच्या डब्याचं झाकण लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. सगळं कुंपण काळंभोर झालं होतं आणि नेमक्या मध्यावर चार फळ्या कोऱ्या.

बाईंचं डोकंच फिरलं. रविवारी मुलीनं शोधलेली माणसं घर बघायला येणार होती. नवरा गेल्यापासून त्यांना घर खायला उठायचं, दिवसचे दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. घर विकून बुडापेस्टला मुलीकडे जायचं, हे मनाविरुद्ध का होईना, ठरलं होतं.

गावची रीत अशी, की रस्त्याकडून पाहिलं तर उजव्या हाताचं कुंपण ज्याचं त्यानं राखायचं. म्हणजे हे गेदेओनचं. बाईंनी त्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. गेल्या वर्षी चुकून लावला होता, भर उन्हात, ओल्या तेलाला; ते कातडीला लागून वर ऊन पडलं की पोळतं, तसा तळवा भाजून निघाला होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पायरीवर भाजल्यावर लावायच्या बदकाच्या चरबीची बरणी होती. ठेवणाऱ्यानं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

"तेल संपलं असेल तर सांगा, मी आणते. कोरं लाकूड दोन हिवाळ्यांत कुजेल."

"कुजायला ते तिथं राहिलं तर ना! काढतोय मी त्या फळ्या."

"आणि मध्ये काय, भगदाड ठेवणार?"

गेदेओननी टोपी काढली, पुन्हा घातली. एवढा आडदांड माणूस, पण कान लालबुंद झाले होते.

"त्यांचंच फाटक करतोय, शेजारीणबाई. त्याला रोज हात लागणार. तुमचा हात पुन्हा भाजायला नको."

बाईंनी आपल्या तळव्यावरून अंगठा फिरवला.

"आणि मी घर विकलं तर?"

"तर फळ्या परत ठोकीन. चांगल्या काळ्याकुट्ट करून."

बाईंना हसू आवरेना.

"कडी कुणाच्या बाजूला?"

"तुमच्या. उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं."

बाई घरात गेल्या आणि त्यांनी मुलीला फोन लावला.

"अगं, त्या माणसांना सांग, येऊ नका म्हणावं. इथं कुंपणाचं काम निघालंय."