गळक्या नळाची अट

“नीट वाच आणि मग सही कर,” असं म्हणत धाकट्यानं कागद ताईपुढे सरकवला.

ताईनं वाचला. ती ज्या घरात बसली होती, तेच घर वडिलांनी घेतलं त्याच किमतीला तिला विकायला धाकटा तयार होता. खाली त्याची सही, तारीख, सगळं जिथल्या तिथे. वडिलांनी जाताना घर धाकट्याच्या नावावर केलं होतं आणि आई ताईच्या. आता आईही गेली होती. घर कुणाच्या तरी हाती जाणार हे ताईला कळत होतं, आपण कुठे जाणार हे कळत नव्हतं. त्यामुळे वाचताना अक्षरं जरा हलायला लागली.

“रडतेस काय? शाई फुटेल,” धाकटा म्हणाला. हे त्याचं प्रेमाचं बोलणं.

दोघं भाऊबहीण इस्टेट एजंटच्या परवान्याच्या परीक्षेला बसणार होती. क्लासमध्ये ताईचा दरारा होता. मास्तरांचा प्रश्न संपायच्या आत तिचं उत्तर तयार. धाकटा मात्र प्रत्येक सराव परीक्षेत आपटत होता. करार कशानं होतो आणि कशानं मोडतो, हे प्रकरण काही केल्या त्याच्या डोक्यात शिरेना. शेवटी ताईनंच त्याला याच टेबलाशी बसवलं, एका कपाला विकणारा केलं, दुसऱ्याला घेणारा, आणि बशा सरकवत सरकवत सगळं पाठ करून घेतलं.

आता तिनं पेन उचललं. ‘मान्य’ एवढंच लिहायचं होतं. पण मास्तर रोज कानीकपाळी ओरडत, “नुसतं मान्य लिहून देतो तो एजंट कसला? काहीतरी मागा! निदान एक बल्ब तरी मागा!” ताईला वाटलं, धाकट्याला जरा दाखवावंच. तिनं डोळे पुसले आणि झोकात लिहिलं, ‘मान्य. मात्र बाथरूमचा गळका नळ विकणाऱ्यानं आधी बदलून द्यावा.’ सही केली. सहीखाली ऐटीत एक रेघही ओढली.

“बघ,” ती हसत म्हणाली. “याला म्हणतात एजंट.”

धाकट्यानं वाचलं. तो हसला नाही. उलट तोंडी परीक्षेला बसल्यासारखा ताठ झाला.

“ताई, होकाराला अट जोडली की त्याला काय म्हणायचं?”

“उलट प्रस्ताव.” उत्तर तिच्या तोंडून आपोआपच गेलं.

“मग मूळ प्रस्तावाचं काय होतं?”

“संपतो. तिथल्या तिथे.”

“आणि अट मागाहून खोडली तर?”

“तरी तो जिवंत होत नाही. समोरच्यानं नव्यानं दिला तरच...” ताई थांबली.

“पैकीच्या पैकी,” धाकटा म्हणाला.

“गधड्या, घाबरवलंस की मला! नळ मी बदलते. आण तो कागद इकडे.”

धाकट्यानं कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

“आईला शब्द दिला होता, आधी ताईला विचारीन. विचारलं. तुझा उलट प्रस्ताव मला मान्य नाही.”

“अरे, नळ रे तो! एका नळापायी?”

“तू नुसतं मान्य लिहिलं असतंस तर माझे हात बांधले गेले असते. बायकोला तसं सांगूनच आलो होतो. ती म्हणाली, तुम्ही बिनधास्त सही करून द्या, ताईंना शहाणपणा केल्याशिवाय राहवायचं नाही.” धाकट्याचा चेहरा पडला होता. “मी तिच्याशी भांडलो गं तुझ्यासाठी. म्हटलं, ताई असं करणं शक्यच नाही.”

त्याला खरोखरच वाईट वाटत होतं. बायकोपुढे हरायचं म्हणजे कुणालाही वाटेल.

“मी जाऊ कुठे?” ताईनं विचारलं.

धाकट्यानं थोडा विचार केला. प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता.

तेवढ्यात बेल वाजली.

“आले वाटतं,” तो उठत म्हणाला. “खाली गाडीत थांबा म्हटलं होतं त्यांना. तुझं होईपर्यंत.”

दारात एक जोडपं होतं. नवरा पायपुसण्यावर बूट घासत राहिला, बाई आत आली. तिनं पडदे पाहिले, कपाट पाहिलं, आईची खुर्ची पाहिली.

“हे सगळं काढावं लागेल,” ती म्हणाली. मग तिची नजर ताईवर आली. “आणि या कोण?”

“एजंट आहेत,” धाकटा म्हणाला. जन्मात पहिल्यांदाच त्यानं ताईला अहोजाहो केलं. “फार हुशार आहेत. सगळे नियम तोंडपाठ.”

“अरे वा! मग तुम्हीच दाखवा ना घर,” बाई म्हणाली.

ताई उठली. आधी कुठलं दार उघडायचं, ते तिला काही केल्या सुचेना.