सहावी तारीख

"हेमांगी दिघे हाजिर आहेत का?" पट्टेवाल्याने पुकारा केला तेव्हा हेमांगी व्हरांड्यात फोनवर होती. शाळेची बस बंद पडली होती. बाराला लेकीला आणायला दुसरं कोणी नव्हतं.

साक्षीची ही सहावी तारीख. टेम्पोने सायकलवरच्या मुलीला उडवलं ते बघणारे पुष्कळ होते, पोलिसांत नाव देणारी ही एकटी. तेव्हापासून तिच्या रजा कोर्टाच्या बाकावर संपत होत्या. कुबड्यांवर चालणाऱ्या त्या मुलीची आई दर तारखेला हिच्यासाठीही डबा आणायची. आजही तिने तो हेमांगीच्या हातात ठेवला होता.

"आठवत नाही म्हणा, पाच मिनिटांत मोकळ्या व्हाल," टेम्पोवाल्याचा वकील सकाळीच कानाशी लागला होता. "नाहीतर उलटतपासणीला सातवी तारीख आहेच." तेव्हा तिला त्याची किळस आली होती.

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर तिची नजर घड्याळाकडे गेली. साडेअकरा. सरकारी वकिलांनी विचारलं, "टेम्पो कोण चालवत होतं?"

"आठवत नाही," हेमांगी म्हणाली, आणि त्या मुलीच्या आईच्या बाकाकडे न बघता बाहेर पडली.

"आज वेळेवर आलीस," शाळेच्या फाटकात लेकीने खुशीत तिची पिशवी उघडली. "आई, हा डबा कुणाचा?"

"आठवत नाही."