शेजारचा आवाज

करी रोडच्या चाळीतल्या खोलीत हितेंद्र लॅपटॉपवरच्या कॉलमध्ये ऑफिसातल्या मॅडमना सर्किट बोर्डातला बिघाड समजावत होता. "क्लॉकचा सिग्नल तारेच्या टोकाला आपटून माघारी येतो, म्हणून एकच ठोका दोनदा मोजला जातो. सिग्नल निघतो तिथेच छोटा रेझिस्टर टाकला, की माघारी आलेला तिथेच जिरतो."

एवढ्यात समोर, लॅपटॉपच्या पलीकडे बसलेले बाबा खणखणीत आवाजात म्हणाले, "हितू, चाय थंड होता रे!"

कापडगिरणीतल्या साच्यांपुढे, म्हणजे मागांपुढे, त्यांचा जन्म गेला होता. कान तिथेच गेले, आवाज तेवढा मागे राहिला.

मॅडम हसल्या. "कोण रे एवढं ओरडतंय?"

"शेजारचे आहेत," हितेंद्र पुटपुटला. बाबांना ऐकू जाणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा कॉल यायच्या वेळेला बाबा चहाचा कप घेऊन उठले आणि शेजारच्या सावंतांच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. हितेंद्र त्यांच्यामागे गेला. "तिकडे कशाला, बाबा?" त्याने हातानेच विचारलं.

"हयसून वरडलंय तरी तुझा बोलणा खोटा पडाचा नाय."

हितेंद्रचा चेहरा उतरला. "तुम्ही ऐकलंत?"

"ऐकूक खंय येता माका?" बाबा म्हणाले. "साच्यांच्या खडखडाटात आमी एकमेकांचे ओठ बघानच बोलणा समाजत होतो."

हितेंद्रचे ओठ हलले. पण तोवर बाबांनी नजर खाली कपाकडे वळवली होती.