दुहेरी दोरा

ओटिसने दणका दिला आणि चेंडूची शिवण पुन्हा उसवली. त्या काळी अमेरिकेत बेसबॉलच्या अख्ख्या सामन्याला एकच चेंडू असायचा. खेळ थांबला आणि शेजारच्या दुकानात खोगिरं शिवणाऱ्या हेस्टरला बोलावणं गेलं. प्रेक्षक कुरकुरले, ओटिस तेवढा खूश! लाकूडतोड्याचा पगारी खेळाडू झालेला हा आडदांड गडी, ती टाके घालत असेपर्यंत तिच्याकडे बघत बसायचा. तोंडातून शब्द मात्र फुटायचा नाही.

"माझ्या शिवणीची पार लाज काढली या माणसाने," असं पुटपुटत हेस्टरने आज दोरा दुहेरी घेतला.

पुढच्याच फटक्याला चेंडू कुंपणावरून थेट नदीत गेला. इतका लांब आजवर कुणीच मारला नव्हता. लोकांनी टोप्या उडवल्या, ओटिसला खांद्यावर घेतलं. त्याचा चेहरा पडलेला. शिवण टिकली, आता हेस्टरला बोलावणार कोण?

लोकांनी त्याला खाली उतरवलं, तेवढ्यात हेस्टर सुई-दोरा घेऊन समोर उभी राहिली.

"चेंडू कुठे गेला?"

"नदीत," तो कसाबसा म्हणाला.

"मग नवा शिवावा लागणार. तास-दोन तास जातील." ती मैदानाकडेच्या बाकावर बसली आणि जरा सरकली. "बसा इथे. आज तरी बोला काहीतरी."